डाव्या स्पीकरवरचे ठिपके

मला राग लवकर येतो आणि तो सहजासहजी जात नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, पण लाजूनही सांगत नाही, कारण माझ्या आयुष्यात ज्या दोन-चार गोष्टी जागेवर आल्या त्या रागानंच आणल्या. त्या लॅपटॉपवरून मात्र मी दोन दिवस जो राग काढला, त्यातला बराचसा भलत्याच माणसांवर निघाला.

कॉलेजात मी अठरा वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवलं. दरवर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि समोर बसलेली तीच माणसं मला दरवर्षी माझं शिक्षण विचारायची. यंदा त्यांनी वर्कलोड नाही म्हणून सांगितलं. तेही शिपायाकरवी. मी घरी आले, दोन दिवस कुणाशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी ठरवलं की आता स्वतःचे क्लासेस काढायचे, घरातूनच, ऑनलाइन. अकरावी-बारावीची अकरा मुलं तयार झाली. सोमवारी सकाळी पहिला तास ठरला. त्याच्या आधीच्या मंगळवारी मी बर्डीवरच्या, म्हणजे भर बाजारातल्या, एका दुकानातून नवा लॅपटॉप आणला.

घरी मी आणि आई, दोघीच. बाबा गेल्यावर नंदनवनचं घर भावाकडे राहिलं आणि आई माझ्याकडे बेसाच्या फ्लॅटवर आली. मी नवऱ्यापासून वेगळी होऊन बरीच वर्षं झाली. वेगळं झाल्यावर पहिल्याच संक्रांतीला आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. शेजारच्या दारात वाण वाटत होते आणि माझं दार त्यांनी सरळ ओलांडलं. तेव्हापासून माझ्या घरात हळदीकुंकवाचं ताट निघत नाही. देवाजवळ आईचा छोटा करंडा आहे, देवांना वाहायला तेवढाच.

लॅपटॉपचा डबा टेबलावर ठेवला तेव्हा आई हात पुसत बाहेर आली. डब्याला हात न लावता तिनं तो चहूबाजूंनी पाहिला.

"नारळ आणून ठेवू का वं?" ती म्हणाली. "मी नाही करत. समोरच्या सूनबाईले बोलावतो, ती लावंल हळदकुंकू."

"कोणाले बोलवायचं नाही," मी म्हटलं. "मशीन आहे आई. आपल्या घरात हे काही होणार नाही."

"बरं," आई म्हणाली आणि आत गेली. तिचं 'बरं' मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्याचा अर्थ मी नेहमी होकार असाच धरला.

शनिवारी सकाळी मी लॅपटॉप खिडकीपाशी नेला, कारण तासाला चेहऱ्यावर उजेड कुठून यावा ते पाहायचं होतं. ऊन तिरपं पडलं आणि मला ते दिसलं. कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना स्पीकरची जाळी असते, बारीक छिद्रांची उभी पट्टी. उजवी पट्टी स्वच्छ होती, छिद्रं काळीभोर, एका ओळीत. डाव्या पट्टीत वरची सात-आठ छिद्रं बुजलेली. काही पिवळट, काहींच्या कडेला तांबूस गंजासारखं. आणि त्यांच्या भोवती एक पुसट डाग, कुणीतरी घाईघाईनं काहीतरी पुसून काढल्यासारखा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच दिवसांत गंज लागत नाही. म्हणजे हा वापरलेला लॅपटॉप होता, कुणाचा तरी परत आलेला, आणि त्या लोकांनी तो पुसून, डब्यात भरून, नवा म्हणून माझ्या गळ्यात मारला होता. एकटी बाई, चष्मा लावलेली, वय झालेली, हिला काय समजतं, असं त्यांना वाटलं असणार. सात दिवसांत बदलून मिळेल असं पावतीवर छापलेलं होतं. आज पाचवा दिवस होता. सोमवारी तास होता, आणि मला तो कुणाच्या तरी उष्ट्या मशीनवर सुरू करायचा नव्हता.

मी आईला हाक मारली. ती आली, चष्मा न लावता जाळीकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"तसंच असंल ते," ती म्हणाली. "डिझाइन असंल."

"एकाच बाजूले डिझाइन?"

"राहू दे ना वं. वाजून तर राहिला बरोबर."

आईचं सगळं आयुष्य या 'राहू दे'वर गेलं. मिक्सरचं भांडं गळतं, राहू दे. गॅसवाल्यानं सिलिंडर खालीच ठेवला, राहू दे. तिच्या या स्वभावाचा मला इतका संताप येतो की मी तिच्या वाटचंही भांडते, आणि मग लोक म्हणतात, आई किती शांत आणि पोरगी पाहा. मी लगेच दुकानात फोन लावला. रेकॉर्ड केलेल्या आवाजातल्या बाईनं मला एक दाबा, दोन दाबा केलं, गाणं ऐकवलं, आणि फोन कटला. मी लॅपटॉप पिशवीत भरला.

दारात आई उभी होती. साडी बदललेली, हातात तिची कापडी पिशवी. भर उन्हात बर्डीवर जायचं म्हटलं की आईचं डोकं दुखतं, पायाला गोळे येतात, देवाचं काहीतरी राहिलेलं असतं. त्या दिवशी ती म्हणाली, "मी येतो." मी म्हटलं, तुझं काय काम. ती म्हणाली, "येतो ना." गाडीवर मागे बसून तिनं लॅपटॉप मांडीवर धरला होता. अजनीच्या पुलापर्यंत ती दोनदा म्हणाली, अजूनही घरी जाऊ. मी गाडीचा वेग वाढवला.

दुकानात गर्दी होती. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, कारण हळू बोललं की आपल्याला खुर्ची देतात, पाणी देतात आणि विसरून जातात. मॅनेजर पस्तिशीचा, शर्ट खोचलेला, हात जोडूनच बोलणारा.

"मॅडम, ऐसा होतच नाही," तो म्हणाला. "सील तर तुमच्यासमोर तोडलं आपण."

"सील चिकटवायले काय लागते?" मी म्हटलं. "हा गंज पाहा. पाच दिवसांत गंज येते का? जुना माल विकून राहिले तुम्ही. आणि मी एकटी दिसले म्हणून माझ्यावर खपवला."

एक नवरा-बायको टीव्ही पाहत होते, ते टीव्ही सोडून माझ्याकडे पाहू लागले. मला बरं वाटलं. मॅनेजरनं आतून त्यांच्या दुरुस्ती विभागातल्या बाईला बोलावलं. तिशीची असेल. मंगळवारी लॅपटॉप सुरू करून, सगळं लावून तिनंच दिला होता. तिनं लॅपटॉप दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिलं, दात कोरायच्या काडीनं एक छिद्र हलकेच खरवडलं आणि काडी पांढऱ्या टिश्यूवर घासली. पिवळी रेघ उठली. दुसऱ्या छिद्रातून लाल. तिनं टिश्यू नाकाशी नेला.

"मॅडम, हा गंज नाही," ती म्हणाली. "हळदकुंकू आहे."

हे ऐकून मी ओशाळले असते तर पुढचं टळलं असतं. पण मला तर पुरावाच मिळाला होता.

"आमच्या घरी पूजा झालेलीच नाही," मी म्हटलं. "मीच होऊ दिली नाही. म्हणजे हा पीस आधी दुसऱ्या कोणाच्या घरी गेला, तिथं त्याची पूजा झाली, तो परत आला, आणि तुम्ही मला दिला. आता तर तुमच्याच माणसानं सांगितलं."

ती बाई माझ्याकडे पाहत होती. मग तिनं माझ्या मागे पाहिलं. माझ्या मागे आई होती आणि ती फरशीकडे पाहत होती. हे मला नंतर जुळवता आलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की त्या बाईनं टिश्यू घडी करून मुठीत घेतला.

"सर," ती मॅनेजरला म्हणाली, "मंगळवारी आपल्या काउंटरची पूजा होती ना सकाळी. सेटअप मीच करून दिला. माझ्याच बोटाचं लागलं असंल."

मॅनेजरचे जोडलेले हात सुटले. "कस्टमरच्या नव्या पीसले तू भरल्या हातानं हात लावला?" तो म्हणाला. "लिहून दे मले. आत्ता. वर पाठवावं लागंल."

"लिहूनच घ्या," मी म्हटलं. "आणि मला नवा पीस द्या."

हे वाक्य मी बोलले. ते मला इथे गाळता आलं असतं. ती बाई काउंटरच्या खणात कागद शोधू लागली आणि मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

"तिले काही नका म्हणू," मागून आई म्हणाली. "मी लावलं."

मी वळले. आईनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. ती माझ्याशी बोलतच नव्हती, मॅनेजरशी बोलत होती, पोलिसासमोर जबाब द्यावा तसं एकेक सांगत होती.

"बुधवारी ही क्लासचे पॅम्प्लेट छापायले गेली होती. तवा लावलं. काचेले लावलं असतं तर तिले दिसलं असतं. बटनायले लावलं असतं तर बटनं खराब झाले असते. ही बाजूची जाळी रिकामी होती, मले वाटलं नुसती शोभेची आहे. दोन बोटं लावले. मंग भेव वाटला, म्हणून ओल्या पदरानं पुसलं, तर ते अंदर गेलं. या पोरीचं काही नाही त्याच्यात."

टीव्हीवाले नवरा-बायको परत टीव्हीकडे वळले. त्या वेळी मला आईची दया आली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला तिचा राग आला. भर दुकानात तिनं मला तोंडघशी पाडलं होतं.

त्या बाईनं मऊ ब्रशनं, मग हवेच्या पंपानं एकेक छिद्र साफ केलं. काम करता करता आईला म्हणाली, "काकू, माझ्या आईनं तर मिक्सरले लावलं होतं, वरून अक्षतासुद्धा. तांदूळ निघाला मोटरमधून." आई थोडं हसली. मग त्या बाईनं मला विचारलं, आवाज तपासून देऊ का. मी नको म्हटलं आणि लॅपटॉप तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. तिला मी सॉरी म्हटलं नाही. मॅनेजरला तर नाहीच.

घरी आलो. दार लावलं आणि सुरू झाले.

"काहून केलं? मी नाही म्हटलं होतं ना? आणि करायचंच होतं तर चोरून काहून?"

आईनं पिशवी खुंटीला लावली. पाणी प्यायली. मला वाटलं आता राहू दे म्हणेल.

"मंग उघड कुठी करू?" ती म्हणाली. "नंदनवनात तुही काकू म्हणते, तुमी नका लावू, तुमचा हात चालत नाही. इथं तू म्हणतं, कोणीच नाही लावायचं, हा अडाणीपणा आहे. तुमी दोघी मले एकच सांगून राहिल्या, बाजूले हो. तुह्या बाबाच्या स्कूटरले मी लावलं. कुकरले लावलं, शिलाई मशीनले लावलं, तुह्या पहिल्या सायकलले लावलं. आता माही पोरगी या वयात नवीन काम सुरू करून राहिली, आन् मी काय नुसती पाहू?"

इतकं सलग बोललेली आई मी पाहिली नव्हती. माझी सायकल मला आठवली. हँडलच्या मधोमध कुंकवाचा डाग होता, तो सायकल विकेपर्यंत गेला नव्हता, आणि शाळेतल्या मुली त्यावरून हसायच्या तेव्हा मी तो खडूनं झाकायची.

मला अजूनही राग येतच होता, पण आता तो काकूवर वळला, आणि ते सोपं होतं. काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. दोन वर्षांपूर्वी भावानं कार घेतली तेव्हा नंदनवनच्या घरासमोर पूजा होती. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. आई सवयीनं ताट घेऊन बाहेर आली. काकूनं ताट तिच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही राहू द्या." भाऊ चाकाखाली लिंबू ठेवायला खाली वाकला तो वर पाहीचना. आई ओट्यावर जाऊन उभी राहिली. हा प्रसंग मी या दोन वर्षांत किती जणींना सांगितला असेल. प्रत्येक वेळी त्यात काकू दुष्ट होती, भाऊ शेळपट होता, आणि मी आतल्या आत जळत उभी होते. मी काही बोलले नाही, एवढाच माझा गुन्हा मी कबूल करायची, आणि ऐकणाऱ्या म्हणायच्या, तू तरी काय करणार होतीस.

रविवारी दुपारी मी तासाची तयारी करत होते. आई स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. कालपासून आम्ही कामापुरतंच बोललो होतो. डावा स्पीकर नीट वाजतो का ते बघायला मला माणसाच्या आवाजाचं काहीतरी हवं होतं, कारण मुलं शंका विचारतील त्या मला स्पष्ट ऐकू यायला हव्यात. फोनमधले सगळे व्हिडिओ मी लॅपटॉपवर उतरवले होते. भावाच्या कारचा व्हिडिओ त्यात होता. तो मीच काढला होता. काढला आणि न पाहताच घरच्या ग्रुपवर टाकून दिला होता, नंतर कधी उघडला नाही. आता मुद्दाम उघडला. काकूचं ते वाक्य तिच्याच आवाजात ऐकून माझा राग ताजा करून घ्यायचा होता, दुसरं काही नाही.

आवाज मोठा केला. डावा स्पीकर उत्तम होता. शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली, नारळ फुटल्याचा आवाज आला, चिमुरडी कुणीतरी रडत होती. कार चौकटीत मधोमध होती, झेंडूचा हार घातलेली. डावीकडून आई आली, हातात ताट, हळदीत बुडवलेलं बोट उचललेलं.

मग अगदी जवळून, फोनला चिकटून आल्यासारखा एक आवाज आला.

"आई, बाजूले हो ना. मधे येऊन राहिली तू."

माझा आवाज. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांना दटावायचा तोच. चित्रात आईचं बोट खाली आलं. ती एक पाऊल मागे सरली. त्याच्यानंतर काकू पुढे आली, आणि त्याच्यानंतर ते वाक्य, "ताई, तुम्ही राहू द्या." काकूनं ताट घेतलं तेव्हा आई आधीच बाजूला झालेली होती.

मी मागे नेऊन परत पाहिलं. मला नुसती कार नीट घ्यायची होती, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. असेलही तसं. आईला ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि काल आई 'तुमी दोघी' म्हणाली होती. मला वाटलं होतं, ती काकूच्या सोवळ्याबद्दल आणि माझ्या विचारांबद्दल बोलते आहे. ती त्या सकाळबद्दल बोलत होती. मी दोन वर्षं गावभर काकूची बदनामी करत फिरले, आणि हिनं एकदाही म्हटलं नाही की आधी तू म्हणालीस.

स्वयंपाकघर माझ्या टेबलापासून सहा पावलांवर आहे. कढईतला झारा थांबलेला होता.

"आता बरोबर वाजून राहिला ना?" आतून आईनं विचारलं.

"हाव," मी म्हटलं. "एकेक शब्द ऐकू येऊन राहिला."

"बरं," आई म्हणाली, आणि पुन्हा दाणे हलवू लागली.